पटाबाहेरचे मूल : ‘मास्तर, तुमचंच नाव लिवा’ या कवितेचा इतवारीच्या संदर्भात अर्थविचार

सारांश

नारायण सुर्वे यांची ‘मास्तर, तुमचंच नाव लिवा’ ही कविता सामान्यतः देहविक्रय करणाऱ्या स्त्रीच्या वेदनेची कविता म्हणून वाचली आणि शिकवली जाते. हे वाचन चुकीचे नाही. मात्र ते अपुरे आहे. प्रस्तुत लेखात ही कविता शिक्षक आणि अनुपस्थित विद्यार्थी यांच्या संबंधाची कविता म्हणून वाचण्याचा प्रयत्न केला आहे. वर्गात गैरहजर असलेला विद्यार्थी आणि पटावर नावच नसलेले मूल या दोन भिन्न अवस्था आहेत, आणि सुर्वे यांची कविता दुसऱ्या अवस्थेविषयी बोलते, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. त्यासाठी कवितेच्या शीर्षकातील शब्दांचा विचार, कवीच्या जीवनाशी असलेला तिचा संबंध, कुसुमाग्रजांच्या ‘कणा’ या कवितेशी तुलना आणि नागपुरातील इतवारी परिसराचा सामाजिक संदर्भ यांचा आधार घेतला आहे.

बीजशब्द : नारायण सुर्वे, शिक्षक, अनुपस्थिती, हजेरीपट, नाव, गंगा-जमुना वस्ती, इतवारी.

१. प्रस्तावना

मराठी कवितेत शिक्षक अनेकदा येतो. कधी तो आदरणीय गुरू असतो, कधी विनोदाचा विषय, तर कधी व्यवस्थेचा थकलेला नोकर. विद्यार्थी मात्र बहुधा समोर बसलेला, ऐकणारा असा गृहीत धरलेला असतो. जो समोर नाही त्याचे काय, हा प्रश्न फार थोड्या कवितांनी विचारला आहे. ज्यांनी विचारला त्यांत सुर्वे यांच्या या कवितेचे स्थान महत्त्वाचे आहे.

अनुपस्थिती हा शब्द शैक्षणिक व्यवहारात प्रशासकीय अर्थाने वापरला जातो. विद्यापीठीय नियमांत साधारणतः ७५ टक्के उपस्थितीची अपेक्षा असते. ती पूर्ण न झाल्यास विद्यार्थ्याला नोटीस मिळते, पालकांना बोलावले जाते आणि प्रसंगी परीक्षेचा अर्ज अडवला जातो. या सर्व व्यवहाराचा पाया एक वही आहे, तो म्हणजे हजेरीपट. पटावर नाव असलेला विद्यार्थी आला नाही तर त्याच्या नावापुढे खूण होते आणि ती खूणच त्याच्या नसण्याचा पुरावा ठरते. पण ज्याचे नावच पटावर नाही, त्याचे नसणे कोठेही नोंदले जात नाही. गैरहजर राहण्यासाठीही आधी नाव पटावर असावे लागते. ही साधी गोष्ट लक्षात घेतल्यास सुर्वे यांच्या कवितेतील आई शिक्षकाकडे नेमके काय मागते, याचा उलगडा होऊ लागतो.

हा विचार नागपूरच्या इतवारी भागातून करण्याला एक निश्चित कारण आहे. सराफा, धान्य, किराणा आणि मिरचीचा व्यापार यांसाठी विदर्भभर ओळखल्या जाणाऱ्या या भागातच ‘गंगा-जमुना’ ही देहविक्रयाची जुनी वस्ती आहे. कवितेतील आईला येथे कल्पनेने उभे करावे लागत नाही. तिच्या मुलाच्या प्रवेशाचा प्रश्न येथील कोणत्याही शाळेच्या दारात कोणत्याही जून महिन्यात येऊ शकतो.

२. कवी आणि त्याचे नाव

नारायण सुर्वे (१९२६–२०१०) यांच्या जीवनाची हकिकत मराठी वाचकाला परिचित आहे. मुंबईत सोडून दिलेल्या अवस्थेत सापडलेल्या या मुलाला गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांनी घरी नेले. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी काशीबाई यांनी त्याला वाढवले आणि स्वतःचे आडनाव दिले. पुढे गिरणीतील कामे, किरकोळ मजुरी, मुंबई महानगरपालिकेच्या शाळेत प्रथम शिपाई आणि नंतर शिक्षक असा त्यांचा प्रवास झाला. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२), ‘माझे विद्यापीठ’ (१९६६), ‘जाहीरनामा’ (१९७५) आणि ‘सनद’ (१९८२) हे त्यांचे काव्यसंग्रह प्रसिद्ध आहेत. १९९५ मध्ये परभणी येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांना १९९८ मध्ये पद्मश्री हा किताब मिळाला.

प्रस्तुत कवितेच्या दृष्टीने या चरित्रातील दोन गोष्टी निर्णायक ठरतात. पहिली म्हणजे ‘नारायण गंगाराम सुर्वे’ हे नाव. अरुण खोपकर यांनी सुर्वे यांच्यावर केलेल्या चित्रपटाचे शीर्षकही हेच आहे. या नावातील मधला शब्द जन्मदात्याचा नाही. एका कष्टकरी माणसाने समोर आलेल्या अनोळखी मुलासाठी आपले नाव वापरू दिले, एवढाच त्याचा अर्थ आहे. कवितेतील आई मास्तरांकडे जे मागते ते गंगाराम सुर्वे यांनी प्रत्यक्ष केलेले होते. म्हणजेच ही मागणी कवीच्या दृष्टीने अशक्य किंवा केवळ नाट्यमय नाही. ती एकदा पूर्ण झालेली आहे आणि तिच्यातूनच हा कवी घडला आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे सुर्वे स्वतः ‘मास्तर’ होते. त्यांच्या पत्नी कृष्णाबाई यांच्या आत्मकथनाचे नाव ‘मास्तरांची सावली’ असे आहे. तेव्हा कवितेत ज्याला उद्देशून बोलले जाते तो मास्तर कवीपासून फार दूरचा नाही. एका बाजूला नाव नसलेले मूल आणि दुसऱ्या बाजूला नोंदवही उघडून बसलेला शिक्षक, या दोन्ही जागांचा अनुभव एकाच व्यक्तीने घेतलेला आहे. कवितेतील ताण या दुहेरी अनुभवातून आला असावा, असे मानण्यास जागा आहे.

३. कवितेतील प्रसंग

कवितेतील प्रसंग थोडक्यात असा आहे. देहविक्रय करून जगणारी एक स्त्री आपल्या मुलाला शाळेत घालण्यासाठी येते. प्रवेशाच्या वेळी बापाचे नाव सांगावे लागते. ते तिच्याजवळ नाही. तेव्हा ती मास्तरांना त्यांचेच नाव लिहिण्यास सांगते. कविता तिच्या तोंडी आहे आणि तिच्या बोलीत आहे.

या प्रसंगात तीन व्यक्ती असल्या तरी बोलणारी एकच आहे. मुलाला या व्यवहारात आवाज नाही. मास्तरांचा प्रश्न तिच्या उत्तरावरूनच आपल्याला कळतो. ही रचना विचारपूर्वक केलेली दिसते. शाळेत एरवी शिक्षक बोलतो आणि इतर ऐकतात. या कवितेत क्रम उलटला आहे. शाळेत जिला कधी प्रवेश मिळाला नसावा अशी स्त्री बोलते आणि शिक्षकाला ऐकून घ्यावे लागते. प्रश्न शिक्षकाने विचारला खरा, पण कवितेच्या शेवटी उत्तर देण्याची पाळी त्याच्यावर आलेली असते.

येथे शाळेच्या नोंदवहीचे स्वरूप समजून घेणे उपयुक्त ठरेल. विदर्भातील शाळांत जिला ‘दाखल-खारीज’ म्हणतात, त्या वहीत विद्यार्थ्याचे संपूर्ण नाव, आईचे नाव, धर्म, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, पूर्वीची शाळा इत्यादी रकाने असतात. पुढील आयुष्यातील बहुतेक दाखले या एका नोंदीवर अवलंबून राहतात. आपल्याकडे ‘संपूर्ण नाव’ म्हणजे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव. म्हणून बापाचे नाव नसेल तर मुलाचे नाव ‘संपूर्ण’ होत नाही. रकाना तयार करणाऱ्याच्या मनात कोणाला वगळण्याचा हेतू असेलच असे नाही, तरीही ज्याच्याजवळ त्या रकान्यात भरण्यासारखे काही नाही, त्याला तो रकाना दाराबाहेर थांबवतो. कवितेतील आई याच कोऱ्या जागेसमोर उभी आहे.

४. शीर्षकातील शब्दांचा विचार

कवितेचा सर्व आशय तिच्या शीर्षकात एकवटला आहे. त्यामुळे त्यातील प्रत्येक शब्द तपासणे इष्ट होय.

‘मास्तर’ हे संबोधन ‘गुरुजी’ आणि ‘सर’ या दोहोंपासून वेगळे आहे. ‘गुरुजी’ या शब्दाला परंपरेचे पावित्र्य आहे, तर ‘सर’ या शब्दाला माध्यमिक शाळा आणि महाविद्यालय यांचा शिष्टाचार आहे. ‘मास्तर’ हा शब्द चाळीचा, गल्लीचा आणि कामगार वस्तीचा आहे. त्यात मान आहे आणि सलगीही आहे. अडचणीच्या वेळी अर्ज लिहून देणारा, पत्र वाचून दाखवणारा, पोरांना दटावणारा असा तो माणूस असतो. आईने त्याला असे संबोधून आपल्या ओळखीच्या जगात आणून ठेवले आहे.

‘तुमचंच’ या शब्दातील ‘च’ हे अव्यय सर्वांत अधिक अर्थवाही आहे. त्याचे किमान चार अर्थ संभवतात. पहिला अर्थ अगतिकतेचा : दुसरे कोणाचे सांगू, म्हणून तुमचेच. दुसरा उपरोधाचा : एवढी घाई असेल तर घाला आपलेच. तिसरा आरोपाचा : रात्रीच्या अंधारात येणारे तुमच्यासारखेच प्रतिष्ठित असतात, तेव्हा तुमचे नाव लिहिले तरी काय बिघडले? चौथा अर्थ जबाबदारी सोपवण्याचा : या मुलाला आता तुम्ही घडवणार आहात, म्हणून बाप म्हणून तुमचेच नाव योग्य.

यांपैकी एकच अर्थ खरा मानण्याचा आग्रह धरणे कवितेला बाधक ठरेल. तरीही या अर्थांचे वजन सारखे नाही. उपरोध आणि आरोप हेच प्रधान मानले तर पुढील शब्दाशी त्यांचा मेळ पूर्णपणे बसत नाही. ‘लिवा’ हे आदरार्थी आज्ञार्थाचे रूप आहे. रागाने किंवा तुच्छतेने बोलणारी व्यक्ती ‘लिव’ म्हणाली असती. आई ‘तुम्ही’चा आदर शेवटपर्यंत सोडत नाही. आरोपाची धार त्या आदराच्या आत आहे. पण वाक्य उभे आहे ते विनंतीवर. म्हणून चौथा अर्थ केंद्रस्थानी ठेवून इतर तीन अर्थ त्याच्याभोवती ऐकू यावेत, असे वाचन अधिक सयुक्तिक वाटते.

‘नाव’ हा शब्द मराठीत केवळ ओळख सांगत नाही. ‘नाव राखणे’, ‘नाव काढणे’, ‘नाव लावणे’, ‘नाव ठेवणे’ या वाक्प्रचारांत प्रतिष्ठा, वारसा, हक्क आणि निंदा असे सर्व व्यवहार सामावलेले आहेत. ‘नाव ठेवणे’ म्हणजे बारसे करणे आणि ‘नावे ठेवणे’ म्हणजे निंदा करणे. दोहोंतील अंतर केवळ वचनाचे आहे. कवितेतील आईला आयुष्यभर जगाने नावे ठेवली. आता ती आपल्या मुलासाठी फक्त एक नाव मागते.

‘लिवा’ हे क्रियापद बोलीतील आहे. प्रमाण मराठीत ते ‘लिहा’ असे होईल. ज्या भाषेत मूल घरी बोलते ती भाषा पाठ्यपुस्तकात नसते आणि वर्गात तिला अशुद्ध म्हटले जाते. म्हणजे मुलाला प्रवेश मिळाला तरी त्याची भाषा बाहेरच राहते. सुर्वे यांनी ‘लिवा’ हा शब्द शीर्षकात ठेवून त्या भाषेला कवितेच्या पटावर घेतले. मुलाचे नाव नोंदले गेले की नाही हे आपल्याला ठाऊक नाही. आईची बोली मात्र मराठी कवितेत कायमची नोंदली गेली.

५. अनुपस्थितीचे तीन प्रकार

सुर्वे यांच्या कवितेचे वेगळेपण तुलनेने अधिक स्पष्ट होते. त्यासाठी आणखी दोन कवितांचा येथे थोडक्यात विचार केला आहे.

कॅनडातील कवी टॉम वेमन यांची एक कविता इंग्रजीच्या अध्यापनात बरीच प्रसिद्ध आहे. तासाला न आलेला विद्यार्थी नंतर येऊन आपले काही चुकले का असे विचारतो आणि शिक्षक त्याला उपरोधाने उत्तरे देत जातो. कधी काहीच घडले नाही असे तो सांगतो, तर कधी सर्व काही घडून गेले असे. ही पटावरील विद्यार्थ्याची अनुपस्थिती आहे. त्याची जागा वर्गात राखलेली आहे. तो आला नाही म्हणून ती रिकामी दिसते आणि तो परत आला की भरते. त्याचे नसणे शिक्षकाला खटकते, कारण त्याचे असणे अपेक्षित होते.

कुसुमाग्रजांची ‘कणा’ ही कविता दुसऱ्या प्रकारच्या अनुपस्थितीविषयी आहे. शाळा सोडून गेलेला एक माजी विद्यार्थी पावसात भिजून आपल्या सरांच्या दारी येतो. नदीच्या पुराने त्याच्या घरातील होते नव्हते ते नेले आहे. सर त्याला पैसे देऊ पाहतात. पण त्याला पैसे नको असतात. एकटेपणाच्या क्षणी त्याला हवा असतो पाठीवर शिक्षकाचा हात. हा विद्यार्थी पटावरून कधीच उतरला आहे, तरी सरांच्या स्मरणात त्याची जागा असेल असा त्याला विश्वास आहे. म्हणून तो ओळखीची खात्री करून घेत बोलायला सुरुवात करतो. शाळा संपली तरी शिक्षकाशी नाते संपत नाही, हा त्या कवितेचा दिलासा आहे. मराठी वाचकांच्या पिढ्यांनी ती पाठ केली याचे कारण हाच दिलासा होय.

सुर्वे यांच्या कवितेतील मूल या दोहोंत बसत नाही. त्याची जागा वर्गात रिकामी दिसत नाही, कारण ती कधी मांडलेलीच नव्हती. त्याला कोणी ओळखावे असा कोणताही पूर्वीचा संबंध नाही. ‘कणा’मधील तरुण सर्वस्व गमावूनही सरांकडे येऊ शकतो, कारण त्याने एकदा त्या शाळेत प्रवेश घेतला होता. त्याच्याजवळ उरलेली खरी मालमत्ता म्हणजे ते जुने नाते आहे. सुर्वे यांच्या कवितेतील आई त्या मालमत्तेचा पहिला हप्ता मागण्यासाठी आलेली आहे. आज मुलाचे नाव लागले तरच वीस वर्षांनंतर त्याला एखाद्या सरांच्या दारी जाऊन ओळख विचारता येईल.

अशा रीतीने पहिल्या कवितेत शिक्षकाचा विद्यार्थ्यावर रोष आहे, दुसरीत विद्यार्थ्याचा शिक्षकावर विश्वास आहे आणि तिसरीत शिक्षकावरच प्रश्न आहे. पहिल्या दोन कवितांत विद्यार्थी का आला नाही किंवा का परत आला याचे उत्तर विद्यार्थ्याजवळ आहे. सुर्वे यांच्या कवितेत मूल वर्गात का नाही, याचे उत्तर नोंदवही धरून बसलेल्या माणसाजवळ आहे.

६. इतवारीचा संदर्भ

इतवार म्हणजे रविवार. बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी यांप्रमाणेच इतवारी हे नावही बाजाराच्या वारावरून आलेले आहे. मस्कासाथ, किराणा ओळ, सराफा ओळ अशी या भागातील ठिकाणांची नावेच व्यापार सांगतात. लगतच गांधीबागेचा कापडबाजार आहे, तर आसपास कोष्टी, हलबा आणि मोमीन विणकरांच्या वस्त्या आहेत. १८७७ मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलने या शहराला गिरणी कामगारांचा मोठा वर्ग दिला. सुर्वे यांच्या कवितेतील गिरणगाव त्यामुळे नागपूरला परके नाही. या परिसरात दुकान, माग, हमाली किंवा सोन्याचांदीच्या कारागिरीमुळे वर्ग बुडवणारे विद्यार्थी महाविद्यालयीन शिक्षकांना परिचित आहेत. ते पटावरचे गैरहजर होत. पटाबाहेरच्यांची गोष्ट वेगळी आहे.

शिक्षक आणि अनुपस्थित विद्यार्थी यांच्या संबंधाचा एक उलटा दाखला नागपूरच्याच इतिहासात सापडतो. जाईबाई चौधरी या दलित समाजातील स्त्रीने हमाली करून दिवस काढले, मिशनच्या मदतीने शिक्षण घेतले आणि त्या शिक्षिका झाल्या. त्यांची जात कळताच पालकांनी शाळेवर बहिष्कार घातला आणि त्यांची नोकरी गेली. पुढे १९२२ मध्ये त्यांनी नागपुरात संत चोखामेळा कन्या शाळा सुरू केली. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथात आंबेडकरी चळवळीतील अशा स्त्रियांचे कार्य नोंदवले आहे. येथे वर्ग रिकामा होण्याचे कारण शिक्षिकेचे नाव हे होते. शाळेत कोण बसेल आणि कोण बसणार नाही, हे अनेकदा धड्याने ठरत नाही, नावाने ठरते, हे या घटनेवरून दिसून येते. जाईबाईंनी त्यावर जे उत्तर शोधले तेही लक्षणीय आहे. ज्या मुली कोणत्याच पटावर नव्हत्या त्यांच्यासाठी त्यांनी नवा पट मांडला.

गंगा-जमुना वस्तीतील मुलांचा प्रश्न याच मालिकेतील आहे. नागपुरात रामभाऊ इंगोले यांनी ‘विमलाश्रम’च्या माध्यमातून अशा मुलांच्या निवासाचे आणि शिक्षणाचे काम दीर्घकाळ केले आहे. २०२१ च्या ऑगस्ट महिन्यात पोलिसांनी या वस्तीकडे जाणारे रस्ते कठडे लावून बंद केले. त्याविरुद्ध तेथील स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि शहरात मोठा वाद झाला. वस्ती राहावी की हटवावी, यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले. त्या वादाच्या गुणदोषांत येथे शिरण्याचे कारण नाही. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने एवढेच नमूद करणे पुरेसे आहे की वस्ती हलते तेव्हा मुलाची शाळाही सुटते. पत्ता बदलतो, दाखला वेळेवर काढला जात नाही, नव्या ठिकाणी पुन्हा तेच रकाने समोर येतात, आणि मोठ्या कष्टाने पटावर आलेले नाव पुन्हा पटाबाहेर जाते.

७. रकाना आणि कायदा

कविता लिहिली गेली त्या काळापासून आजपर्यंत कायद्यात महत्त्वाचे बदल झाले आहेत. कवितेचे आजचे मोल ठरवताना ते विचारात घ्यावे लागतात.

देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या मुलांसाठी स्वतंत्र शाळा आणि वसतिगृहे असावीत, अशी मागणी गौरव जैन यांनी सर्वोच्च न्यायालयात केली होती. १९८९ मध्ये न्यायालयाने अशा विभक्तीकरणाला नकार दिला. मुलांना वेगळे काढणे त्यांच्या हिताचे नाही, त्यांना समाजात मिसळू द्यावे, अशी न्यायालयाची भूमिका होती. १९९७ च्या निकालातही या मुलांना मुख्य प्रवाहात आणण्यावर भर देण्यात आला. कवितेतील आईही आपल्या मुलासाठी वेगळी शाळा मागत नाही. ती सर्वांच्या शाळेत आणि सर्वांच्या मास्तरांकडे येते. न्यायालयाने जे तत्त्व म्हणून मांडले, ते तिने सहजपणे गृहीत धरले होते.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या कायद्यानुसार वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही बालकाला प्रवेश नाकारता येत नाही. ६ जुलै २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित आईला मुलाच्या वडिलांचे नाव उघड न करता पालकत्व मागता येईल असे स्पष्ट केले. १९ मे २०२२ च्या आदेशात देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया आणि त्यांची मुले यांनाही मानवी प्रतिष्ठेचे संरक्षण आहे, असे न्यायालयाने म्हटले. महाराष्ट्र शासनाच्या २०२४ च्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांची नोंद मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने करावयाची आहे.

या बदलांमुळे कविता कालबाह्य झाली काय? रकान्यापुरता विचार केला तर आईच्या अडचणीचा काही भाग दूर झाला आहे. परंतु कायदा रकान्याबाबत सांगू शकतो. टेबलापलीकडील माणसाच्या चेहऱ्याबाबत सांगू शकत नाही. नाव विचारताना आवाज कसा लागतो, उत्तराला विलंब झाल्यावर शेजारी बसलेले लोक कसे पाहतात, पहिल्याच दिवशी वर्गात मुलाला काय विचारले जाते, या गोष्टी कोणत्याही शासननिर्णयात मावत नाहीत. हजेरी घेताना नावानंतर क्षणभर थांबणारा शिक्षक त्या मुलाला पटावर असूनही पटाबाहेर ठेवू शकतो. कवितेचा प्रश्न येथपर्यंत पोहोचतो.

८. दोन आक्षेप

या कवितेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, आईने स्वतःचे नाव लिहा असे का म्हटले नाही? एका पुरुषाच्या नावाच्या जागी दुसऱ्या पुरुषाचे नाव मागून ती पितृसत्ताक चौकट मान्यच करत नाही काय? हा आक्षेप विचारार्ह आहे. मात्र कवितेतील आई रकाना बदलण्याच्या स्थितीत नाही. तिला आज, याच वहीत, मुलाचे नाव लागलेले हवे आहे. चौकट मान्य केल्यासारखे दाखवत ती चौकटीचा पोकळपणा उघड करते. समोर बसलेल्या कोणाही माणसाचे नाव लिहून जर रकाना भरत असेल, तर त्या रकान्याला सत्याशी काही देणेघेणे नाही, हे तिच्या मागणीतून आपोआप सिद्ध होते.

दुसरा आक्षेप असा की, एका पुरुष कवीने अशा स्त्रीच्या तोंडून बोलावे काय? त्याचे उत्तर कवीच्या जागेवरून द्यावे लागेल. सुर्वे यांनी तिच्या दुःखाचे वर्णन बाहेरून केले नाही. त्यांनी ‘मास्तर’ या नात्याने तिच्यासमोर ऐकणाऱ्याची जागा घेतली आहे. प्रश्न तिच्यावर नाही, त्यांच्या स्वतःच्या पेशावर आहे. दयेच्या कवितेत कवी उंचावर असतो. या कवितेत तो उत्तरदायी आहे.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात. ‘मास्तर, तुमचंच नाव लिवा’ ही कविता केवळ एका स्त्रीच्या वेदनेची नसून शिक्षक, शाळेची नोंदवही आणि पटाबाहेरचे मूल यांच्या संबंधाची कविता आहे. पटावरील विद्यार्थ्याची गैरहजेरी आणि पटाबाहेरच्या मुलाची अनुपस्थिती यांतील भेद ती ठळक करते. पहिलीचा जाब विद्यार्थ्याला विचारता येतो, दुसरीचा जाब शाळेने द्यायचा असतो. शीर्षकातील ‘च’ आणि ‘लिवा’ हे शब्द एकत्र वाचल्यास आरोपापेक्षा जबाबदारी सोपवण्याचा अर्थ अधिक बळकट ठरतो. कायद्याने आईला बरेच काही दिले असले तरी मुलाला वर्गात सामावून घेण्याचे काम शिक्षकाकडेच राहते.

ही कविता वर्गात शिकवताना आईविषयी करुणा निर्माण करणे तुलनेने सोपे असते. त्याऐवजी विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारणे अधिक फलदायी ठरेल : मास्तरांनी काय लिहिले असेल? कवितेत त्याचे उत्तर नाही. विद्यार्थी जे उत्तर देतील त्यावरून शाळा ही संस्था त्यांना कशी भेटली आहे ते कळेल. आणि शिक्षकाला त्या दिवशीचा हजेरीपट मिटण्यापूर्वी, त्यावर ज्यांची नावे नाहीत त्यांची आठवण होईल.